जिथून बघाल, तितकंच पुढचं दिसेल

११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्रात प्रचंड भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. फुकुशिमा दाइची या अणुवीज केंद्राचं नाव त्या दिवसापासून जगभर माहीत झालं. त्याच किनाऱ्यावर ओनागावा नावाचं आणखी एक अणुवीज केंद्र आहे. भूकंपाच्या केंद्रबिंदूला ते फुकुशिमापेक्षा जवळ होतं आणि तिथे आदळलेली लाट सुमारे १३ मीटर उंच होती. तरी ओनागावाच्या अणुभट्ट्या सुरक्षितपणे बंद झाल्या. इतकंच नाही, आसपासच्या वस्तीत ज्यांची घरं वाहून गेली, त्यातल्या शेकडो लोकांनी त्या केंद्राच्या आवारातच आसरा घेतला.

फरक पडला तो मुख्यतः जमिनीच्या उंचीमुळे. फुकुशिमाची मूळ जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ३५ मीटर उंच होती. बांधकामाच्या आणि पाणी खेचण्याच्या सोयीसाठी ती कापून १० मीटरवर आणली गेली. ओनागावा मात्र १४.८ मीटरवर उभं राहिलं. हा आकडा सहजासहजी ठरला नव्हता. सुरुवातीच्या पाहणीत तिथल्या त्सुनामीची उंची जेमतेम ३ मीटर धरली होती. हे केंद्र उभारणाऱ्या तोहोकू इलेक्ट्रिक या कंपनीचे माजी उपाध्यक्ष आणि ज्येष्ठ अभियंते यानोसुके हिराई यांनी जास्त उंचीचा आग्रह धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर इसवी सन ८६९ मध्ये याच भागात आलेली जोगान त्सुनामी होती. अकराशे वर्षांपूर्वीची घटना! बहुतेकांच्या लेखी ती इतिहासजमा होती. हिराईंच्या लेखी ती याच समुद्राबद्दलची माहिती होती.

त्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार केला होता. त्सुनामी येण्याआधी समुद्र अनेकदा मागे हटतो. तसं झालं तर भट्टी थंड ठेवण्यासाठी पाणी ओढणारे पंप कोरडे पडतील. म्हणून समुद्र मागे गेला तरी पुरेसं पाणी अडून राहील, अशा बेताने पाणी आत घेणाऱ्या मार्गाची रचना झाली.

हिराईंना २०११ ची त्सुनामी दिसली होती का? नाही. ते १९८६ मध्येच गेले. कुठल्या वर्षी लाट येईल, किती उंच येईल, यातलं त्यांना काहीच सांगता आलं नसतं. पण इतरांनी काही दशकांच्या नोंदी समोर ठेवल्या, तेव्हा त्यांनी हजार वर्षांच्या ठेवल्या. आणि ‘साधारण किती मोठी लाट येते?’ या प्रश्नाच्या जागी त्यांनी वेगळाच प्रश्न धरला: आपला अंदाज चुकला तर काय होईल? अणुवीज केंद्राच्या बाबतीत या दोन प्रश्नांची उत्तरं फार वेगळी येतात.

चांगल्या धोरणात दूरदृष्टी लागते, हे सगळेच म्हणतात. ती येते कुठून, याबद्दल मात्र कमी बोललं जातं. माझं म्हणणं असं की दूरदृष्टी ही काही मोजक्या लोकांना लाभलेली देणगी नाही. आपण कुठे उभे आहोत, किती काळाचा पट्टा समोर धरतो, कोणाच्या डोळ्यांनी बघतो, यावर पुढचं किती दिसणार ते ठरतं. जागा बदलली की दिसणारं बदलतं. म्हणून दूरदृष्टी आणि दृष्टिकोन यांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही.

भाकितांचा भरवसा किती?

आधी एक गैरसमज बाजूला करू. पुढे काय होणार हे अचूक सांगतो तो दूरदर्शी, असं आपण धरून चालतो. फिलिप टेटलॉक या अभ्यासकाने या समजुतीची चिकाटीने परीक्षा घेतली. १९८० च्या दशकापासून जवळपास वीस वर्षं त्यांनी २८४ तज्ज्ञांकडून राजकारण आणि अर्थकारणाबद्दलची हजारो भाकितं लिहून घेतली, आणि वेळ उलटल्यावर ती प्रत्यक्षाशी ताडून पाहिली. सरासरी तज्ज्ञाची कामगिरी निराशाजनक होती. ‘आहे तेच चालू राहील’ असल्या साध्या ठोकताळ्यालाही त्यांना धड मागे टाकता आलं नाही. भाकीत जितकं लांबचं, तितकी अवस्था वाईट.

पण या अभ्यासातली जास्त मोलाची गोष्ट दुसरीच आहे. सगळे तज्ज्ञ सारखेच चुकत नव्हते. एकाच मोठ्या सिद्धान्ताच्या चष्म्यातून सगळं जग बघणारे जास्त चुकत होते. जे वेगवेगळ्या बाजूंनी बघत, स्वतःच्या मताविरुद्धचा पुरावा मनावर घेत, ‘बहुधा’, ‘कदाचित’ असे शब्द वापरायला कचरत नसत, त्यांचे अंदाज बरे ठरले. टीव्हीवर ठामपणे बोलणारा माणूस ऐकायला बरा वाटतो, पण धोरण ठरवायला बसताना आपल्याला हे दुसऱ्या प्रकारचे लोक हवे असतात.

मग भविष्य सांगता येत नसेल, तर धोरणाने करायचं काय? पुढे घडू शकणाऱ्या गोष्टींची आधी दोन गटांत विभागणी करायची. एका गटात जे आधीच ठरून गेलंय पण अजून आपल्यापर्यंत पोचलेलं नाही ते, आणि दुसऱ्यात जे खरोखर अनिश्चित आहे ते.

ही विभागणी सगळ्यात नीट मांडली ती पिएर वाक यांनी. शेल या तेल कंपनीच्या नियोजन विभागात १९७० च्या दशकात त्यांनी काम केलं. त्यांचं आवडतं उदाहरण गंगेचं होतं. वरच्या खोऱ्यात धुवांधार पाऊस झाला की एक-दोन दिवसांत ऋषिकेशला पाणी चढणार, त्यानंतर काही दिवसांनी अलाहाबादला, मग बनारसला. बनारसच्या घाटावर बसलेल्या माणसाला आज काहीच दिसत नसेल, पण पूर ‘येण्याची शक्यता आहे’ अशातला भाग नाही, तो निघालेला आहे. हे सांगायला ज्योतिष लागत नाही, वरच्या बाजूला काय झालं ते बघावं लागतं.

अशा ‘निघालेल्या’ गोष्टी आपल्या आजूबाजूला भरपूर असतात. वीस वर्षांनी विशीत असणारी मुलं आज जन्मलेली आहेत, त्यामुळे त्या वर्षी कॉलेजच्या वयाचे तरुण साधारण किती असतील, हे आज मोजता येतं. एखाद्या कंपनीतले निम्मे अनुभवी कारागीर पन्नाशी ओलांडून गेले असतील, तर दहा-पंधरा वर्षांत ते ज्ञान दाराबाहेर जाणार हे ठरलेलं आहे. कर्जाचे हप्ते, करारांच्या मुदती, पुलांची आणि धरणांची वयं, यातलं काहीच गुपित नसतं. तरीही अशा गोष्टी समोर उभ्या राहिल्या की लोक चकित होतात. माहिती असते, पण ती बघायचं काम कोणाचंच नसतं.

शेलमध्ये नेमकं काय घडलं

वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती एका ओळीत सांगितली की चुकीची समजते. ‘शेलने १९७३ चा तेलाचा भडका आधीच ओळखला’ असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्यांनी केलेलं काम याहून खोल होतं.

त्या काळात तेल स्वस्त होतं आणि दरवर्षी मागणी वाढत होती. तेल कंपन्यांचं नियोजन म्हणजे मागच्या वर्षांची रेघ पुढे ओढणं. वाक यांच्या गटाने तेल विकणाऱ्या देशांच्या जागी उभं राहून बघायला सुरुवात केली. या देशाकडे साठा किती? लोकसंख्या किती? मिळणारा पैसा खर्च करायला त्यांच्याकडे वाव आहे का? ज्या देशाची लोकसंख्या थोडी आणि तेल अफाट, त्याला जास्त तेल काढून जास्त पैसा मिळवण्याची घाई का असावी? जमिनीत राहिलेलं तेल उद्या महाग विकलं जाणार असेल, तर ते बँकेतल्या पैशापेक्षा बरं. आणि ज्या देशाला विकासासाठी पैशाची गरज आहे पण साठा मर्यादित आहे, तो भाव वाढवण्याच्याच मागे लागणार. दुसरीकडे अमेरिकेचं स्वतःचं उत्पादन १९७० मध्ये शिखर गाठून उतरायला लागलं होतं. हे सगळं एकत्र ठेवल्यावर ‘भाव असाच राहील’ हे म्हणणंच सगळ्यात अवघड झालं. भाव कधी आणि कोणत्या निमित्ताने उसळेल हे अनिश्चित होतं. उसळण्याची कारणं मात्र जागेवर होती.

लंडनच्या ऑफिसात बसून मागणीचे आलेख बघितले तर यातलं काही दिसत नाही. विकणाऱ्याच्या खुर्चीत बसलं की दिसतं.

तरीही एवढ्याने भागलं नाही. सुरुवातीला त्यांनी भविष्याच्या वेगवेगळ्या शक्यता व्यवस्थित लिहून वरिष्ठांपुढे ठेवल्या. वरिष्ठांनी माना डोलावल्या आणि आधीचेच निर्णय घेत राहिले. तेव्हा वाक यांना कळून चुकलं की अहवाल पोचवणं म्हणजे काम संपणं नाही. निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यात जगाचं जे चित्र पक्कं बसलेलं असतं, ते हलत नाही तोवर कुठलीही माहिती वाया जाते. म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी मांडणी उलटी केली: भाव स्थिर राहायचा असेल तर कोणकोणत्या अशक्यप्राय गोष्टी एकदम घडाव्या लागतील, ते दाखवलं. व्यवस्थापकांना स्वतःच्याच गृहीतकांचा कच्चेपणा दिसला. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला. धक्का शेललाही बसलाच. पण ‘हे तात्पुरतं आहे, सगळं पूर्ववत होईल’ या समजुतीत त्यांचे लोक अडकून पडले नाहीत, कारण या नव्या जगात ते मनाने आधी फिरून आले होते.

वेगवेगळ्या भविष्यांची चित्रं रंगवण्याचा खरा उपयोग हा आहे. त्यातलं एक चित्र बरोबर निघावं म्हणून ती काढायची नसतात. ती काढता काढता आज आपण काय गृहीत धरून बसलो आहोत, ते उघडं पडतं.

दिसलं, तरी उमजलं नाही

दूरदृष्टी असूनही धोरण फसतं, याचा दाखला म्हणून कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक या अमेरिकी कंपनीचं नाव नेहमी घेतलं जातं, आणि बहुतेक वेळा अन्यायाने. ‘कोडॅकला डिजिटल युग दिसलंच नाही’ हे खरं नाही. डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने बनवला. सुमारे साडेतीन किलोचं ते खोकं एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद घेई. पुढे १९८१ च्या सुमारास कंपनीच्या अंतर्गत अभ्यासाने हेही सांगितलं की डिजिटल तंत्र फिल्मची जागा घेऊ शकेल, मात्र त्याला साधारण दहा वर्षं लागतील. अंदाज चांगला होता. कोडॅकने डिजिटलमध्ये पैसाही घातला. २००५ च्या आसपास अमेरिकेत डिजिटल कॅमेरे विकण्यात ती आघाडीवर होती. तरी जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं.

आता जपानची फूजीफिल्म बघा. धंदा तोच, संकट तेच. जगभरात फिल्मची मागणी २००० च्या सुमारास शिखरावर होती, त्यानंतर काही वर्षांत ती कोसळली. शिगेताका कोमोरी यांच्या नेतृत्वाखाली फूजीने स्वतःकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. आपण फोटो काढण्याच्या धंद्यात आहोत असं मानलं, तर फिल्म गेल्यावर कॅमेरेच विकायचे, एवढाच रस्ता उरतो. पण फिल्म बनवायला काय काय यावं लागतं? अतिशय पातळ थर एकावर एक, अचूक जाडीचे चढवणं. जिलेटिन, म्हणजे मुळात कोलॅजन हे प्रथिन, हवं तसं हाताळणं. रंग वर्षानुवर्षं उडू नयेत म्हणून ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी झीज, रोखणारी रसायनं. हे सगळं येणाऱ्या कंपनीला सपाट पडद्याच्या टीव्हीत लागणारी खास फिल्म बनवता येते. कोलॅजन आणि ऑक्सिडेशन हे त्वचेचेही विषय असल्याने सौंदर्यप्रसाधनं बनवता येतात, आणि ती फूजीने २००७ च्या सुमारास बाजारात आणली. औषधांच्या क्षेत्रातही ती शिरली.

मला या जोडीत सगळ्यात बोलकी वाटते ती एक बाब: कोडॅककडे रसायनांचा मोठा विभाग होता, आणि तो तिने १९९४ मध्ये वेगळा काढून टाकला. त्यातून झालेली ईस्टमन केमिकल ही कंपनी आजही चालू आहे. पुढे काय येतंय हे दोघींना सारखंच दिसत होतं. ‘आपण कोण आहोत’ या प्रश्नाची उत्तरं वेगळी होती, म्हणून त्याच बातमीतून त्यांनी वेगवेगळे रस्ते काढले. अर्थात फूजीलाही हजारो लोकांची कपात करावी लागली, नशिबाचा आणि वेळेचा वाटाही होताच. एका कंपनीच्या यशाचा सरळसोट धडा काढणं धोक्याचं असतं. पण स्वतःकडे बघण्याची जागा बदलल्याशिवाय ते नवे रस्ते दिसलेच नसते, एवढं नक्की म्हणता येईल.

जागा बदलण्याचे काही साधे मार्ग असतात. १९८५ मध्ये इंटेल मेमरी चिपच्या धंद्यात जपानी कंपन्यांपुढे हरत होती. मेमरी चिप ही इंटेलची ओळख होती, तिच्यावरच कंपनी उभी राहिली होती. अनेक महिने निर्णय होत नव्हता. एके दिवशी इंटेलचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी कंपनीचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं की आपल्याला हाकलून संचालक मंडळाने नवा प्रमुख आणला, तर तो काय करेल? मूर यांनी लगेच उत्तर दिलं: तो मेमरीतून बाहेर पडेल. त्यावर ग्रोव्ह यांचं म्हणणं असं की मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते करू. नवीन माहिती काहीच आली नव्हती. बाहेरून आलेल्या माणसाला जुन्या निर्णयांचा अभिमान नसतो, जुन्या सहकाऱ्यांचं ओझं नसतं. तेवढं क्षणभर उतरवून ठेवल्यावर दोघांना माहीत असलेलं उत्तर तोंडातून बाहेर आलं. पुढे इंटेल मायक्रोप्रोसेसरकडे वळली.

स्वतःचं काम आतून बघणं आणि बाहेरून बघणं यातली तफावत मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांनी स्वतःच्याच अनुभवातून सांगितली आहे. १९७० च्या दशकात इस्राएलमध्ये ते एका शालेय अभ्यासक्रमावर काम करणाऱ्या गटात होते. काम किती दिवसांत संपेल, असा अंदाज प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहिला. सगळे आकडे दोन वर्षांच्या आसपास. मग कानेमन यांनी गटातल्या अनुभवी तज्ज्ञाला विचारलं की असलं काम हाती घेतलेल्या इतर गटांचं काय झालं? त्या गृहस्थांना आठवून सांगावं लागलं की सुमारे ४० टक्के गटांचं काम कधी पूर्णच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. याच गृहस्थांनी काही मिनिटांपूर्वी चिठ्ठीवर दोनेक वर्षं लिहिली होती! दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण एकमेकींना भेटल्या नव्हत्या. गटाने ते ऐकलं आणि काम तसंच पुढे रेटलं. ते पूर्ण व्हायला आठ वर्षं लागली, आणि तोवर तो अभ्यासक्रम कोणाला नकोसा झाला होता.

म्हणून कुठलीही योजना आखताना ‘आम्हाला किती वेळ लागेल?’ याआधी ‘असं काम करणाऱ्या इतरांना किती लागला?’ हे विचारावं. आपलं काम वेगळं आहे, असं प्रत्येकालाच वाटतं.

समोरच्याच्या खिडकीतून

धोरणात समोर दुसरा माणूस असतो, आणि तोही विचार करत असतो. समुद्राला आपल्या भिंतीची उंची कळत नाही. प्रतिस्पर्ध्याला कळते, आणि तो त्याप्रमाणे चाल बदलतो. इथे समोरच्याच्या जागी उभं राहता येणं हीच दूरदृष्टी.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याभोवती जमलेल्या सल्लागारांचा सुरुवातीचा कल थेट हवाई हल्ल्याकडे होता. दिवस जात राहिले. २७ ऑक्टोबरपर्यंत सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे दोन संदेश येऊन पोचले होते, पहिला मवाळ, दुसरा कडक. बोलणी करून ही क्षेपणास्त्रं निघतील असं केनेडींनाही वाटेनासं झालं होतं. त्या बैठकीत लुएलिन थॉम्पसन बसले होते. मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत म्हणून त्यांनी काही वर्षं काढली होती, ख्रुश्चेव्हना ते जवळून ओळखत. त्यांनी अध्यक्षांना सरळ सांगितलं की मला तसं वाटत नाही. ख्रुश्चेव्हला महत्त्वाचं हे आहे की ‘मी क्यूबा वाचवला, आक्रमण थांबवलं’ असं त्याला म्हणता आलं पाहिजे.

या एका वाक्याने प्रश्नाचं रूप बदललं. तोवर ‘त्यांना माघार कशी घ्यायला लावायची’ हा प्रश्न होता. आता ‘माघार घेताना त्यांच्या हातात काय असेल’ हा झाला. अमेरिकेने मवाळ संदेशाला उत्तर दिलं, क्यूबावर आक्रमण न करण्याचं वचन दिलं, आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढण्याचं गुपचूप मान्य केलं. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रं परत नेण्याचं जाहीर केलं. समोरच्याशी सहमत होण्याची गरज थॉम्पसनना पडली नाही. त्याला कुठून काय दिसतंय, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या खोलीत त्यांच्यासारखा माणूस बसलेला असणं, हासुद्धा धोरणाचाच भाग. सारख्याच अनुभवाची, सारख्याच वयाची, सारख्याच पेशाची माणसं एका टेबलाभोवती बसली की त्यांना सगळ्यांना एकच आंधळी बाजू असते.

रस्ता ठरवायचा, पण वळणं मोकळी ठेवायची

आतापर्यंतचं वाचून कोणी म्हणेल, इतक्या शक्यता, इतके दृष्टिकोन, मग निर्णय घ्यायचा कधी? रास्त प्रश्न आहे. प्रत्येक संकटासाठी तयारी करायला कोणाकडेच पैसा नसतो. हिराईंसारखा आग्रह सगळीकडे धरला तर काहीच बांधून होणार नाही.

इथे एक भेद उपयोगी पडतो. जो निर्णय उद्या फिरवता येतो, त्यावर फार डोकं घालवू नये. करून बघावं, चुकलं तर बदलावं. जो निर्णय फिरवता येत नाही, किंवा ज्यातली चूक सगळंच बुडवते, तिथे सावकाश चालावं आणि शंभरातल्या एका शक्यतेलाही मान द्यावा. बऱ्याच संस्था नेमकं उलटं करतात. लोगोचा रंग ठरवायला तीन महिने, आणि तीस वर्षांचा करार एका बैठकीत.

दुसरं म्हणजे, मोठा निर्णय एकदम घेण्याऐवजी तो टप्प्यांत तोडता येतो का, हे पाहावं. लंडनचं पूरनियोजन याचा फार चांगला नमुना आहे. १९५३ च्या वादळी भरतीत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०० हून जास्त माणसं दगावली. त्यानंतर थेम्स नदीवर उघडबंद होणारा प्रचंड बांध उभा राहिला, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो काम करतोय. पुढे प्रश्न आला की समुद्राची पातळी या शतकात किती वाढेल? कमी वाढली आणि अवाढव्य नवा बांध बांधला, तर पैसा पाण्यात. जास्त वाढली आणि बांधला नाही, तर शहर पाण्यात. २०१२ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याने एकाच आकड्यावर पैज लावली नाही. समुद्राची पातळी, भरतीची उंची, बांध वर्षातून किती वेळा बंद करावा लागतो, अशा काही खुणांवर नजर ठेवायची, ठरावीक वर्षांनी आढावा घ्यायचा, आणि खूण अमुक रेषेच्या पुढे गेली की पुढचा टप्पा हाती घ्यायचा. मोठी कामं उभी राहायला दशकं लागतात, म्हणून निर्णयाची वेळ त्या हिशेबाने आधीची धरली आहे. भविष्यात लागू शकेल अशी जमीनही राखून ठेवायची. आज भिंत बांधली नाही तरी उद्या ती बांधता येईल, ही सोय आजच जपलेली आहे.

दूरदृष्टीचा हा सगळ्यात व्यावहारिक प्रकार मला वाटतो. आपल्याला माहीत नाही हे मान्य करायचं, आणि कधी माहीत होईल, ते कशावरून कळेल, तेव्हा काय करू, हे मात्र आज ठरवायचं.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली एक युक्ती याच जातीची आहे, आणि तिला फक्त अर्धा तास लागतो. योजना पक्की करण्याआधी सगळ्यांनी बसायचं आणि असं धरून चालायचं की एक वर्ष उलटलं आहे आणि ही योजना पार फसली आहे. का फसली, ते प्रत्येकाने लिहायचं. ‘काही धोका आहे का?’ असं विचारलं की लोक गप्प बसतात, कारण शंका काढणारा माणूस अपशकुनी ठरतो. ‘फसलीच आहे, कारण सांगा’ म्हटलं की तोच माणूस हुशार ठरतो. ज्या गोष्टी बैठकीनंतर जिन्यात कुजबुजल्या जायच्या, त्या टेबलावर येतात.

निकालावरून निर्णय मोजू नये

शेवटी दूरदृष्टीच्या वाट्याला येणाऱ्या एका अडचणीबद्दल. ईशान्य जपानमधल्याच फुदाई या छोट्या गावाचे कोतोकू वामुरा नावाचे सरपंच होते, सलग चाळीस वर्षं. १८९६ आणि १९३३ च्या त्सुनामींनी गावाचा किती संहार केला, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी १५.५ मीटर उंचीच्या तटबंदीचा आणि दरवाजाचा आग्रह धरला. एवढ्या उंचीची गरज काय, हा पैशाचा अपव्यय आहे, अशी टीका झाली. दरवाजा १९८४ मध्ये पूर्ण झाला. २०११ ला लाट आली तेव्हा गाव वाचलं. वामुरा १९९७ मध्येच वारले होते.

आता समजा, २०११ ची त्सुनामी आली नसती, किंवा दोनशे वर्षांनी आली असती. वामुरांचा निर्णय चुकीचा ठरला असता का? बऱ्याच लोकांच्या लेखी, हो. ती भिंत आजही उधळपट्टीचा नमुना म्हणून दाखवली गेली असती. पण निर्णय घेताना त्यांच्यासमोर जे पुरावे होते, जो धोका होता, ते सगळं तेच राहिलं असतं. नशिबाने साथ दिलेला वाईट निर्णय आणि नशिबाने दगा दिलेला चांगला निर्णय यांची आपण सतत गल्लत करतो. त्यातून संस्था चुकीच्या माणसांना बढती देतात आणि योग्य माणसांचं तोंड बंद करतात. संकट टळलं की ते टाळणाऱ्याचं काम दिसत नाही.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. मोठा निर्णय घेतला त्याच दिवशी एका पानावर तारीख घालून लिहून ठेवायचं: आपण काय गृहीत धरलं, दुसरे कोणते पर्याय होते, आपल्याला किती खात्री वाटत होती, विरोधात कोण काय म्हणालं. दोन-तीन वर्षांनी तो कागद काढला की आठवणीला सोयीस्कर गोष्ट रचता येत नाही. आणि त्याच पानावर, प्रत्येक गृहीतकासमोर, ते खोटं ठरतंय हे कळायला कोणती बातमी, कोणता आकडा पुरेल आणि त्यावर लक्ष कोण ठेवणार, त्या माणसाचं नावही लिहावं.